दत्तूतात्यांचं मखर

दत्तूतात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते प्लायवूडच्या एका फळीला कान लावून उभे होते. बारामतीत भिगवण रोडला तेव्हा प्लायवूडचं एक मोठं दुकान होतं, आणि शाळेच्या प्रदर्शनासाठी फळ्या हव्या म्हणून मी तिथं गेले होते. खाकी पँट घातलेला एक काटकुळा म्हातारा डोळे मिटून, भिंतीला टेकवलेल्या आठ बाय चारच्या फळीला गाल चिकटवून, बोटाच्या पेराने टकटक करत होता. मी दुकानदाराला काही विचारणार तोच त्याने डोळे न उघडता हात वर केला आणि म्हणाला, "च्यूप!" मी शिक्षिका आहे. हा शब्द मी दिवसभर इतरांना ऐकवते, मला तो ऐकून घ्यायची सवय नव्हती. तरी गप्प बसले.

"ह्यांचं हे असंच असतंय, बाई," दुकानदार हळूच म्हणाला. "अख्ख्या ढिगातनं एक फळी नेतील, आन् उद्या तीबी परत आणतील."

संध्याकाळी घरी आले तर तोच म्हातारा आमच्या शेजारच्या खोलीचं कुलूप उघडत होता. आम्ही त्या आळीत नुकतेच राहायला आलो होतो. कुलूप उघडून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा लावलं, ओढून पाहिलं, आणि मग पुन्हा उघडलं. सगळी आळी त्यांना दत्तूतात्या म्हणायची आणि त्यांच्या माघारी भित्रेतात्या.

तात्या मूळचे इंदापूर तालुक्यातल्या बावड्याचे. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते, बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी तरुणपणचा छंदच पोटापाण्याला लावला होता. खोलीत एक विचित्र यंत्र होतं. जुन्या शिलाई मशीनचे पाय, आणि वर सुईच्या जागी दोऱ्याइतकं बारीक करवतीचं पातं. पायाने पायटा हलवला की पातं खालीवर नाचायचं, आणि तात्या त्याच्यापुढे प्लायवूड असं काही फिरवायचे की त्यातून वेली, मोर, कमळं सुटी होत जायची. देवघराच्या मागची जाळी, गणपतीचं मखर, दारावरची नावं, घड्याळाची चौकट, असं काय काय ते करायचे. सुईत दोरा ओवावा तसं फळीतल्या बारीक भोकातून पातं ओवताना त्यांचा श्वास थांबलेला असायचा. तेवढा वेळ मीही माझा धरून ठेवायची.

पण कापणं हा त्यांच्या लेखी कामाचा किरकोळ भाग होता. खरं काम फळी निवडणं. फळी आधी आडवी धरून एक डोळा मिटून बघायची, कुठं वाक आहे का. मग कडेला नख फिरवून थर मोजायचे. थर जितके जास्त आणि जितके सारखे तितकी फळी भली. कडेला लांबी भरलेली दिसली, म्हणजे पुट्टीने भोकं बुजवलेली दिसली, की तात्या पायाखाली साप आल्यासारखे दोन पावलं मागे सरायचे. दुकानदार वरच्या गुळगुळीत लालसर पृष्ठभागावर हात फिरवून कौतुक सांगू लागला, की तात्यांचं ठरलेलं उत्तर असे, "शेठ, वरचा थर म्हंजी लग्नातली कापडं. कापडं बघून कुनी सोयरीक करतंय व्हय?" एवढं झाल्यावर कान लावून टकटक. आतल्या थरात कुठं तुकडा कमी पडला असेल, पोकळी राहिली असेल, तर तिथं आवाज बदलतो. शेवटी फळीचा एक कोपरा कापून घ्यायचा आणि घरी नेऊन चहाच्या भांड्यात उकळत ठेवायचा. थर सुटले तर फळी परत. तात्यांकडचा चहा मी एकदाच प्याले. पुढे ते चहा विचारू लागले की मला नेमकं पित्त झालेलं असायचं.

"तात्या, एवढं काय त्यात?" मी एकदा म्हणाले. "मखराला दहा दिवस टिकायचं असतं."

"बाई, पोकळी आपनहून आवाज करत न्हाय. तिला आवाज करायला लावावं लागतं. आपुन नाय लावला, तर ती तिच्या येळंला करती." मग यंत्रावरचा भुसा फुंकत पुढे म्हणाले, "लोक मला हसत्यात, म्हाईत हाय मला. पर भ्यालेला मानूस दोनदा बघतो. न भ्यालेला एकदाबी बघत न्हाय."

मी हसले नाही. कारण त्या दिवसांत भीतीच्या बाबतीत मी तात्यांच्याही पुढे होते.

माझी दोन बाळंतपणं आधीच वाया गेली होती. पहिलं पाचव्या महिन्यात, दुसरं सातव्यात. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. घरात कुणी त्या विषयावर बोलत नसे. माझा नवरा एमआयडीसीत दूध प्रकल्पात कामाला होता. तो सकाळी मोटारसायकलला किक मारायच्या आधी माझ्याकडे एकदा बघायचा, संध्याकाळी परतल्यावर पुन्हा बघायचा. विचारायचा काही नाही. सासूबाईंनी तर घरात नियमच केला होता. दुपटं शिवायचं नाही, नाव सुचवायचं नाही, पाळणा हा शब्द काढायचा नाही. त्याला कारण होतं. पहिल्या वेळी त्यांनी हौसेने, ज्या घरात चार पोरं जगली त्या घरचा पाळणा आधीच मागून आणला होता. तो आमच्या माळ्यावर रिकामाच पडून राहिला आणि मान खाली घालून परत करावा लागला. तेव्हापासून आधी काही म्हणजे काही आणायचं नाही.

मला मात्र बाळाचं काहीच नसलेल्या त्या रिकाम्या घराची जास्त भीती वाटायची. काहीच जमवायचं नाही म्हणजे काहीच होणार नाही, असं आपणच धरून चाललोय, असं वाटायचं. म्हणून एका दुपारी, सासूबाई मोरगावला गणपतीच्या दर्शनाला गेलेल्या असताना, मी तात्यांकडे गेले आणि सरळ म्हणाले, "तात्या, मला पाळणा करून द्याल?"

तात्यांचा पाय यंत्रावर थांबला. "बाई," ते म्हणाले, "त्यो शबुद माज्यासमोर काढू नगा."

मला वाटलं, तेही सासूबाईंच्याच पंथातले. पण गोष्ट वेगळी होती. बराच वेळ ते पातं सोडवत, पुन्हा बसवत राहिले. मग सांगू लागले.

बावड्यात तरुणपणी त्यांनी रामनवमीसाठी देवळाला पाळणा करून दिला होता. गावात प्लायवूड तेव्हा नवलाईचं. "लाकडाची जाळी एका रेषंत फाटती, बाई. प्लायचं थर एकमेकाला आडवं धरत्यात, म्हनून जाळीला प्लाय बरं. मोर काढलं व्हतं मी त्याच्यावर. अख्खं गाव बगाया आलं." फळी त्यांनी इंदापुरात वरवर बघून घेतली होती. कड चकचकीत होती, लांबी भरलेली. ठोकून पाहिली नाही, कारण नवमी तोंडावर आली होती.

"बारा वाजलं. जल्म झाला. बायांनी गानं धरलं. नारळाला कुंची घालून आत निजवल्याला. दोरी माझ्या पुतनीच्या हातात, कुसुमच्या. पहिलटकरीन व्हती ती, म्हनून मान तिचा. तिनं दोरी वडली आन् डोक्याकडची बाजू कडीसकट निखळली. नारळ फरशीवर फुटला. पानी सगळं तिच्या पायाकडं आलं."

पुढचं त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं होतं.

"म्हैन्याच्या आत कुसुमचं पोर गेलं. मला कुनी काय बोललं न्हाय बगा. त्येच वंगाळ. मी रस्त्यानं चाललो की पोटुशी बाया पदर पोटावर वडून घ्यायच्या." त्यांनी नुसत्या हाताने ते करून दाखवलं. "मग मी बदली मागून हिकडं आलो. बावड्याच्या गाडीवर ड्युटी लागली की रजा टाकायचो."

मी घरी आले. अंगणात उभी असताना माझ्या लक्षात आलं की माझाही हात पोटावर पदर धरून आहे. मी तो मुद्दाम काढला, पण तो पुन्हा तिथंच गेला. भीती ही अशी गोष्ट आहे, तिला कितीही शिकवा, ती शिकत नाही.

त्यानंतर आठवडाभर तात्या माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी आमच्या दारात येऊन, सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, ते शाळंचं मखर करायचं म्हनत व्हता न्हवं? करूया. पर फळी आत्ताच घ्याया पायजे. घरात चार म्हैनं निजवली, हवा खाऊ दिली, म्हंजी तिचा सोभाव कळतो."

सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, गणपतीला अजून किती अवकाश हाय!"

"भित्र्या मानसाचं काम हाय, वैनी. येळ लागतो."

सासूबाई आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "तात्या, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटती. म्हनून तर मी करायचा," ते म्हणाले. "ज्याला भ्या न्हाय, त्याच्या हातचं असलं काय घिऊ ने."

बारामतीतली सगळी दुकानं त्यांनी आधीच नापास केली होती. मग माझ्या नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून ते इंदापूरला गेले. नवरा सांगत होता, सबंध रस्ताभर त्यांनी त्याच्या कमरेला मिठी मारलेली आणि समोरून ट्रक आला की "आरं देवा, देवा" चाललेलं. इंदापुरात त्यांनी सगळा ढीग खाली उतरवायला लावला आणि तळातून एक फळी काढली. तेरा थर, दोन्ही बाजू सारख्या, कडेला एक ठिपकाही नाही. ती एसटीच्या टपावरून आणली. ड्रायव्हर ओळखीचा. त्याला तात्या प्रत्येक थांब्यावर सांगत होते, "जपून रं, वर लेकुरवाळी बसलीया." फळी घरी आली, कोपरा चहाच्या भांड्यात उकळला, थर सुटले नाहीत. मग ती विटांवर सपाट निजवली, आणि तात्या रोज सकाळी तिला कान लावू लागले.

माझे महिने पुढे सरकत होते. पाचवा गेला. सातवा लागला तेव्हा मी चालताना जमिनीकडे बघायची, शाळेच्या पायऱ्या एकेक करून उतरायची, रात्री कूस बदलायलाही भ्यायची. त्याच सुमाराला भिंतीपलीकडून यंत्राचा आवाज यायला लागला. खटखट, खटखट. दुपारी मी भिंतीला पाठ लावून बसायची आणि तो ऐकायची. आवाज चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी माझ्याशी ठरवून टाकलं होतं. शहाण्या माणसाने असं काही ठरवू नये, हे मलाही कळत होतं. "मखर कुठवर आलं?" असं मी विचारायची. "पायाकडची बाजू झाली," "वेल डोक्याकडं चालली," असं उत्तर यायचं. आळीतल्या बायकाही मखराची चौकशी करू लागल्या. सगळ्यांना काय ते कळलं होतं, पण खरा शब्द कुणीच काढला नाही.

आठवा महिना उतरत आला आणि आवाज थांबला. पहिल्या दिवशी वाटलं, तात्यांना बरं नसेल. दुसऱ्या दिवशीही भिंत गप्प. मला बसवेना. जाऊन पाहते तर तात्या यंत्रासमोर जमिनीवर बसलेले, मांडीवर डोक्याकडची बाजू. वेलीचं एक पान कापता कापता पात्याला आत पोकळी लागली होती. अंगठ्याच्या नखाएवढी. वरून काही दिसत नव्हतं. कापलेल्या कडेतून मात्र ती आत अंधारी दिसत होती.

"रोज कान लावला, बाई," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "रोज. आन् मला आयकू आली न्हाय. डोक्याकडंच निगाली बगा. तितंच."

"दुसरी फळी आणू, तात्या."

"मखर व्हनार न्हाय. तुमी हितं थांबू नगा. घरी जावा." आणि त्यांनी माझ्याकडे न बघता दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पोटातलं मूल हललं नाही. आधी मी कुणाला सांगितलं नाही. गूळ खाल्ला, पाणी प्याले, डाव्या कुशीवर झोपून पाहिलं. काही नाही. दोन वेळा हे मी अनुभवलेलं होतं, ही शांतता माझ्या ओळखीची होती. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, माझं तोंड पाहिलं आणि हातातलं भांडं खाली ठेवून नुसत्या म्हणाल्या, "चल." आम्ही रिक्षात बसलो तेव्हा तात्यांच्या खिडकीची फट जरा रुंद झाली आणि लगेच मिटली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर ठोके ऐकायचं छोटं नळकांडं ठेवलं, त्याला कान लावला आणि डोळे मिटले. सासूबाई काहीतरी पुटपुटत होत्या. डॉक्टरीणबाईंनी डोळे न उघडता हात वर केला. मला तात्या आठवले. पोकळी आपणहून आवाज करत नाही. माझ्या आत काय आहे, ते माझ्याआधी त्या कानाला कळणार होतं. तो कान नळकांडं सरकवून जागा बदलत होता, पुन्हा थांबत होता, पुन्हा बदलत होता. त्या वेळी मला जी भीती वाटली तिच्याबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही. आताही एवढंच सांगते, की मला मरावंसं वाटत होतं, पण उत्तर ऐकल्याशिवाय नाही.

"आहेत ठोके," त्या म्हणाल्या. "मंद आहेत. थांबायला नको, आजच काढू."

मुलगी झाली. एवढीशी, मांजराच्या पिल्लासारखी. काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि मी बाहेरून बघत असायची. तात्या भेटायला आले नाहीत. नवरा म्हणाला, "येतात की. फाटकाबाहेर झाडाखाली उभे राहतात. आत चला म्हटलं तर नको म्हणतात. मुलगी झाली सांगितलं, तर विचारलं, 'रडली का?' रडली म्हणालो. तसे निघून गेले."

मुलीला घेऊन घरी आलो. बारसं ठरलं तशी सासूबाईंना पाळण्याची चिंता पडली. कुणाच्या घरचा मागावा, कुठली पोरं जगली, याचा हिशेब चालू असताना नवरा धावत आला. "आई, तात्यांकडे चल." मग मला म्हणाला, "तूही ये."

तात्यांचं दार उघडं होतं. छताच्या लोखंडी नळीला पाळणा टांगलेला होता. चारही बाजूंना वेल, डोक्याकडे कमळ. आत मूल निजवायच्या जागी चटणी वाटायचा दगडी पाटा आणि त्यावर वरवंटा. पाळणा हलत होता, आणि त्याच्या बरोबर खाली, जमिनीवर, छाती पाळण्याखाली येईल असे तात्या उताणे निजलेले होते. दोरी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. अंगठा हलला की पाटा त्यांच्या छातीवरून जायचा आणि यायचा. डोळे टक्क उघडे.

"तात्या! हे काय चाललंय?" मी ओरडले.

"पडला तर माज्यावर पडू दे," तात्या खालूनच म्हणाले. "बाई, तुमी दवाखान्यातनं याच्या आदी दोन दिस पुरा झाला. तवापासनं निजतोय. आजून पडला न्हाय."

मी जवळ जाऊन पाहिलं. डोक्याकडच्या बाजूला त्यांनी ती पोकळी लपवली नव्हती. ती पुरती उघडी करून, कडा घासून, आतून सागाची पट्टी बसवून, त्याचं एक जादा पान केलं होतं. सगळ्या वेलीत ते एकच पान वेगळं, जरा पसरट आणि जागा सोडून आलेलं. "आता तिला दडायला जागा न्हाय," तात्या म्हणाले. मग त्यांनी सासूबाईंना बावड्याची सगळी हकिकत निजल्या जागेवरून सांगितली, नारळाच्या पाण्यापर्यंत. "आता तुमी नको म्हना, वैनी. मी वाईट वाटून घ्यायचो न्हाय."

मी सासूबाईंकडे बघायचं टाळत होते. या बाई शिंक आली तरी उंबऱ्यातून परत फिरणाऱ्या. त्या पुढे झाल्या. दोन्ही हातांनी पाटा धरून त्यांनी सगळा भार पाळण्यावर टाकला, एकदा, दोनदा. पाळणा कुरकुरलासुद्धा नाही. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "उठा तात्या. मखर लई नामी झालंय. पोरगी कवाची ताटकळली हाय."

बारशाला रिवाजाप्रमाणे मुलीच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यातून फिरवलं. बायकांनी गाणं धरलं. बायकांच्या त्या गर्दीत तात्या एकटेच पुरुष, पाळण्याशेजारी उकिडवे बसलेले, दोन्ही तळहात पाळण्याखाली पसरून. "तात्या, उठा की, बायकांचं काम हाय," कुणीतरी म्हणालं. ते उठले नाहीत. स्नेहल नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, तरी त्यांचे हात खालीच.

स्नेहल मोठी झाली तसा पाळणा आळीत फिरायला लागला. कुणाच्याही घरी मूल आलं की मखर मागायला यायचे. प्रत्येक वेळी जायच्या आधी तात्या तो टांगायचे, पाटा ठेवायचे आणि खाली निजायचे. आता कुणी त्यांना हसत नव्हतं. उलट ते निजले नाहीत तर बाळंतिणीची आई अडून बसायची.

पुढे त्यांच्या छातीत इतक्या वर्षांचा लाकडाचा भुसा बसला. खोकला थांबेना, खाटेवरून उतरणं होईना. अशात एक दिवस माझ्याहून वयाने थोरली एक बाई त्यांचं घर विचारत आली. तिला दारात पाहिलं आणि तात्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बावड्याची कुसुम होती ती. तिची लेक बाळंत झाली होती, नातू झाला होता, आणि पाळण्याची ख्याती ऐकून ती तो मागायला आली होती.

"न्हाय द्यायाचा," तात्या भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाले. "तुला न्हाय. तुज्या घरी माजी फळी नगं."

कुसुम खाटेच्या पायथ्याशी बसली. "तात्या, मी कवा तुमचं नाव घेतलं व्हय? मला आजवर वाटतंय, दोरी मीच जोरात वडली." ती पदराचा बोळा तोंडात धरून बोलत होती. "पुढं पोरं झाली माजी, पर एकाचाबी पाळना मी हलवला न्हाय. सासू हलवायची. मी लांब बसायची."

तात्यांनी तोंड इकडे केलं. एवढी वर्षं ती दोघं एकाच घटनेखाली निजून होती, आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं. मग तात्यांनी मला खुणेने पाळणा टांगायला सांगितलं. मी पाटा, वरवंटा ठेवला. ते उठू लागले आणि खोकल्याने पुन्हा आडवे झाले. कुसुम खाली निजायला वाकली तसे ओरडले, "तू नगं!"

मग मी निजले. मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. बाहेर अंगणात स्नेहल खेळत होती, तिचा आवाज येत होता, आणि माझ्या छातीच्या वर हातभर अंतरावर दगडी पाटा होता. जाळीतून ते जागा सोडून आलेलं पान दिसत होतं. कुसुमने दोरी हातात घेतली. पाळणा जेमतेम हलला.

"जोरात वड," तात्या म्हणाले.

"नगं, तात्या."

"त्या दिशी वडली व्हतीस तशी वड. जोरात."

कुसुमने डोळे मिटून दोरी ओढली. पाटा माझ्यावरून गेला, भिंतीपर्यंत गेला, परत आला. ती रडत होती आणि ओढत होती. मी डोळे मिटले नाहीत. तात्यांनी मात्र मिटले होते. कान पाळण्याकडे करून त्यांनी एक हात वर धरला होता, आणि खोलीत कुणीच बोलत नसताना ते म्हणाले, "च्यूप." बराच वेळ ऐकत राहिले. मग हात खाली आला.

"न्हाय," ते म्हणाले. "आत काय न्हाय. घिऊन जा पोरी पाळना."

पाळणा हा शब्द त्यांनी आपणहून उच्चारलेला मी तेवढ्या एकदाच ऐकला. त्यानंतर उन्हाळा लागायच्या आत ते गेले. पाळणा बावड्यातच आहे. या घरून त्या घरी जातो असा कुसुमचा निरोप येतो. द्यायच्या आधी ती स्वतः खाली निजते आणि दोरी लेकीच्या हातात देते. आम्ही तो परत मागितलेला नाही.